सहावी ते आठवीच्या मुलांना वर्गात धीट कसं करायचं: गावातल्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून नेमणूक मिळाली, दुसऱ्या जिल्ह्यातून बॅग घेऊन तुम्ही विदर्भातल्या एखाद्या खेड्यात आलात, आणि हाती सहावी, सातवी किंवा आठवीचा वर्ग आला. पहिल्या आठवड्यातच लक्षात येईल की मुलं हुशार आहेत, कामाला चपळ आहेत, बैलबंडी हाकतात, अंधारात शेतावर पाणी धरायला जातात. आणि तीच मुलं फळ्यासमोर उभी केली की खाली मान घालतात. "मले नाई येत, मॅडम" एवढंच ऐकू येतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत याच वयाच्या मुलांना शिकवते, आधी यवतमाळ जिल्ह्यात एका पोडाजवळ, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीजवळ, आता वर्धेकडे. या कामाचं कुठलं प्रशिक्षण मला मिळालं नव्हतं. करत करत, सहकाऱ्यांना विचारत जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. शूरवीरांच्या गोष्टी कितीही सांगा, त्यातून पोर धीट होत नाही. एखादं पोर धीर करून बोललं आणि बोलल्यामुळे त्याचं काही वाईट झालं नाही, हे वर्गाने पुन्हा पुन्हा पाहिलं की दुसरं पोर बोलतं. म्हणून आपलं काम मुलांना जोश देण्याचं कमी आहे आणि बोललेल्या मुलाच्या पाठीशी उभं राहण्याचं जास्त आहे.

आधी हे जमवा

- एक शंभर पानी वही, फक्त तुमच्यासाठी. ती कपाटात कुलपात राहील.
- चिठ्ठ्यांसाठी झाकणाचा डबा. शाळेची तक्रारपेटी यासाठी वापरू नका. ती समितीसमोर उघडायची असते, हा डबा तुमचा आणि वर्गाचा.
- दहा-पंधरा मीटर सुती किंवा नायलॉनची दोरी आणि पोषण आहाराच्या तेलाची रिकामी, घट्ट झाकणाची पाच लिटरची कॅन.
- एका कागदावर हे क्रमांक: चाइल्डलाइन १०९८, आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. त्याखाली तुमच्या पोलीस ठाण्याचा, ग्रामसेवकांचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा क्रमांक.
- मुख्याध्यापकांची संमती आणि वेळापत्रकात आठवड्याला एक तास. तो मिळाला नाही तर परिपाठातली दहा मिनिटं रोज मागून घ्या, तेवढ्यातही भागतं.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या कामाचा एक ओळीचा उल्लेख. याचं महत्त्व आठव्या पायरीत कळेल.

प्रोजेक्टर, तक्ते, बाहेरचे वक्ते यांची गरज नाही.

१. पहिला पंधरवडा फक्त पाहा

आपल्याकडे शाळा जूनअखेरीस उघडते. पहिले दोन आठवडे धैर्याचा विषयही काढू नका. वहीत प्रत्येक मुलाचं नाव लिहा आणि समोर तीन गोष्टी टिपा: कुठे बसतो, कुणाशी बोलतो, आणि चूक झाली की काय करतो.

बसण्याच्या जागा नीट पाहा. बंजारा तांड्यावरची मुलं एका कोपऱ्यात, पोडावरची दुसऱ्या कोपऱ्यात, मुली भिंतीकडे, असं आपोआप होतं. कुणी सांगितलेलं नसतं, तरी गावातल्या वस्त्या वर्गात उतरतात. जागा दर सोमवारी बदलायची पद्धत पहिल्याच महिन्यात लावा. मध्येच सुरू केली तर ती कुणालातरी शिक्षा वाटते.

दुसरं, भाषा. मूल घरी वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी, कोरकू किंवा बंजारा बोलतं. पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी परकी असते, आणि तुम्ही पुणे-नाशिककडून आला असाल तर तुमची मराठीही. "काहून" म्हटल्यावर "का म्हणायचं" अशी दुरुस्ती केलीत की ते पोर त्या दिवशी पुन्हा तोंड उघडणार नाही. पहिले दोन महिने बोलताना भाषा दुरुस्त करू नका. लिहिताना करा, तेही सगळ्यांदेखत नाही. कोलामी किंवा कोरकू मुलाला एखादं उत्तर त्याच्या भाषेत देऊ द्या, शेजाऱ्याला मराठीत सांगू द्या. तुम्हाला दहा शब्द त्यांच्याकडून शिकता आले तर फार चांगलं. शिकवणारीही अडखळते आणि तरी बोलते, हे त्यांना दिसू द्या.

२. भीतीच्या चिठ्ठ्या

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला कागदाचा तुकडा द्या. नाव लिहायचं नाही. एकच वाक्य पूर्ण करायचं: "मले भेव वाटते जेव्हा…" आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल, चित्र काढलं तरी चालेल. तुम्हीही एक चिठ्ठी लिहा आणि सगळ्यांसमोर डब्यात टाका.

सापाची, रात्रीच्या शेताची, चकव्याची, फळ्यावरच्या गणिताची, इंग्रजी वाचनाची, आठवीनंतर तालुक्याच्या शाळेत जाण्याची भीती येईल. जंगलालगतच्या गावात वाघाची येईल. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे ती कल्पनेतली नाही. काही चिठ्ठ्या जड असतील: बाप दारू पिऊन येतो, बाबा कर्जाचं बोलतात आणि रात्रभर जागे असतात, अमुक माणूस रस्त्यात थांबवतो.

चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचू नका. छोट्या गावात अक्षर ओळखतात, प्रसंग ओळखतात, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट पारावर पोहोचते. घरी न्या, एकटीने वाचा आणि तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा सरावाने जाणाऱ्या भीतीचा: बोलणं, वाचणं, अनोळखी माणसाला विचारणं. यासाठी चौथी पायरी.

दुसरा गठ्ठा माहितीने कमी होणाऱ्या भीतीचा: साप, वीज, भूत, भानामती. याला विज्ञानाचा तास उपयोगी पडतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे सातवी-आठवीच्या मुलांना सांगा. अंगात येण्याच्या किंवा करणी केल्याच्या नावाने कुणाला छळणं गुन्हा आहे, एवढं त्यांना समजतं.

तिसरा गठ्ठा खऱ्या धोक्याचा. इथे मुलाला धीट करून काही होत नाही, मोठ्या माणसाने मध्ये पडावं लागतं. तो सातव्या पायरीत येईल, पण चिठ्ठी वाचल्यावर तिथवर थांबू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला.

नवे शिक्षक बहुतेक वेळा तिसऱ्या गठ्ठ्यातल्या भीतीला पहिल्यातली समजतात. "बाळा, हिंमत ठेव, सगळं ठीक होईल," असं त्या मुलीला सांगतात. रस्त्यात अडवणाऱ्या माणसाला तोंड देण्याचं काम बारा वर्षांच्या पोरीचं नाही. ते आपलं आहे.

३. हसण्याचा नियम

पुढच्या कुठल्याही पायरीआधी हा नियम पक्का झाला पाहिजे: कुणी चुकलं की हसायचं नाही. मुलांशी चर्चा करून, त्यांच्या शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. एका वर्गाने लिहिलं होतं, "चुकला त चुकला, हासाचं नाई."

नियम लिहिणं सोपं असतं. तो मोडला जाईल तेव्हा पहिल्या क्षणी तुम्ही काय करता, त्यावर तो टिकतो. कुणी हसलं की शिकवणं थांबवा, आवाज न चढवता नियमाकडे बोट दाखवा, आणि चुकलेल्या मुलाला वाक्य पूर्ण करू द्या. हसणाऱ्याला उभं करून अपमान केलात तर तुम्ही त्याच खेळात उतरलात. छडीचा तर प्रश्नच नाही: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. पालक स्वतः येऊन सांगतील, "मॅडम, दोन हाना त्याले." तरीही नाही. मार खाणारं पोर मार चुकवायला शिकतं, म्हणजे खोटं बोलायला आणि गप्प राहायला.

हा नियम तुम्हालाही लागू आहे. फळ्यावर तुमचं गणित चुकलं आणि एखाद्या मुलाने "मॅडम, हातचा राह्यला" म्हटलं, तर लगेच पुसा, दुरुस्त करा आणि त्याचे आभार माना. मोठ्या माणसाची चूक दाखवूनही त्याला काही झालं नाही, हे सगळा वर्ग बघत असतो. मला तर वाटतं, वर्षभरात एवढी एकच गोष्ट नीट जमली तरी पुष्कळ झालं.

४. एकेक पायरी चढायची

आधी शरीराचं सांगा. भीती वाटली की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात घामेजतात. अ‍ॅड्रेनालिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. हे सगळ्यांचं होतं, तुमचंही. मुलांना यात फार मोठा आधार मिळतो, कारण प्रत्येकाला वाटत असतं की आपल्या एकट्याचेच पाय कापतात. मग श्वासाचा सराव घ्या: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड कमी होते. परिपाठानंतर रोज केलात तर परीक्षेलाही उपयोगी पडतो.

आता सराव. समजा एक मुलगी वर्गात बोलतच नाही. तिच्याशी एकटीशी बसा आणि पायऱ्या तिच्याकडून ठरवून घ्या. साधारण अशा होतात:

- शेजारणीला पुस्तकातला एक परिच्छेद वाचून दाखवणं
- चार जणींच्या गटात वाचणं
- जागेवर बसून वर्गाला एक ओळ वाचणं
- जागेवर उभं राहून वाचणं
- फळ्याजवळ येऊन वाचणं
- परिपाठात दिनविशेष सांगणं
- १५ ऑगस्ट नाही, २६ जानेवारीला दोन मिनिटं बोलणं

पायरी मूल निवडेल, तुम्ही नाही. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मगच पुढची. आणि भीती चढलेली असताना मुलाला खाली बसवायचं नाही. भीती चढते, थोडा वेळ तशीच राहते आणि मग उतरते. उतरण्याआधी सुटका झाली तर पोराच्या मनात एवढंच उरतं की बसलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती वाढते. म्हणून पायरी इतकी छोटी ठेवा की ती पूर्ण होईलच. ओळ मोठी वाटली तर अर्धी ओळ. पण पूर्ण.

नवीन शिक्षक इथे उत्साहात चुकतात. जुलैत एखादं पोर थोडं बोललं की लगेच १५ ऑगस्टच्या भाषणाला उभं करतात. सरपंच, पोलीस पाटील, सगळं गाव समोर. पोर तिसऱ्या वाक्याला अडकतं आणि पोरं वर्षभर त्याला तेच वाक्य म्हणून चिडवतात. १५ ऑगस्टला आधीपासून बोलणारी मुलं असू द्या.

ऑक्टोबरपासून हजेरी कमी होईल. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी; मुलं आईबापाबरोबर शेतात जातात. परत आलेल्या मुलाला थोडं मागे जाऊन सुरुवात करू द्या आणि "इतके दिवस कुठे होतास" हे सगळ्यांदेखत विचारू नका. वेचणीला जाणारं मूल आधीच ओशाळलेलं असतं.

पायऱ्या फक्त बोलण्याच्याच असतात असं नाही. पोस्टात जाऊन फॉर्म मागणं, एसटीच्या वाहकाकडे सुटे मागणं, ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याच्या टाकीची माहिती विचारणं, हेही ठेवा. आठवीच्या मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन नळाचं पाणी का येत नाही हे नीट विचारलं, तर नागरिकशास्त्राचा एक धडा तिथेच होतो. ग्रामसेवकांना आधी कल्पना द्या, म्हणजे कुणी मुलांना हुसकावणार नाही.

५. गोष्टी सांगा, पण भीतीसकट

तलवार घेतलेले वीर मुलांना तोंडपाठ असतात. ते असू द्या. त्यांच्यासोबत अशी माणसं द्या जी घाबरली होती.

आपल्या हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे यासाठी फार मोलाचे आहेत. आगगाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते भिडले आणि गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटलं. एवढं सांगून थांबू नका. पुढे वरोऱ्यात मैला वाहण्याचं काम करताना, पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांनी पाहिला आणि ते भ्याले, तिथून पळाले. मग परत आले, त्याची सेवा केली. पुढे १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि आनंदवन उभं राहिलं. वर्गाला विचारा: ते धीट कधी होते? सैनिकांसमोर, की पळून परत आले तेव्हा? सहावीची मुलं यावर तासभर भांडतात. निकाल देऊ नका.

हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या स्काऊटची गोष्टही सांगा. २ ऑक्टोबर १९५७ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, खाली पंडित नेहरू आणि हजारो लोक होते. त्याने खांबावर चढून स्काऊटच्या चाकूने कापड कापलं, हात भाजले. त्यावरूनच बालवीरांचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. इथे विचारायचं ते हे: त्याला चढता येत होतं का? चाकू चालवता येत होता का? म्हणजे धाडसाआधी त्याच्याकडे काय होतं?

मुक्ता साळवे मुलींना जवळची वाटते. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने हाती लेखणी घेऊन सगळ्या समाजाला जाब विचारला, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून काही वेळा पहिल्यांदा हात वर होतो. चंद्रपूर, वर्धेकडे असाल तर चिमूर आणि आष्टीच्या गावकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध केलेला ऑगस्ट १९४२ चा उठाव आहेच. गावातल्या वयस्कर माणसांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकलेलं सांगायला बोलवा.

६. 'नाही' म्हणण्याचा सराव

या वयाच्या मुलांना रोज धैर्य लागतं ते मित्रांसमोर आणि घरच्या मोठ्यांसमोर. आपल्याकडे याचं पहिलं रूप म्हणजे खर्रा, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेलं सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. सहावीतलं पोर पानठेल्यावर मोठ्यांसाठी खर्रा आणायला जातं, सातवीत पन्नी घोटायला शिकतं, आठवीत दाढेखाली धरतं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही ती विकायला कायद्याने बंदी आहे, हे मुलांना माहीत असू द्या. नुसत्या माहितीने मात्र ते पोर नाही म्हणू शकणार नाही. शब्द तोंडात बसावे लागतात, आणि ते नाटकातून बसतात.

पूर्व विदर्भात तर मुलं झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढतात. दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकं बघितलेली पोरं दोन मिनिटांत प्रसंग उभा करतात. पश्चिमेकडेही दंडार, भारूड पाहिलेलं असतंच. जोड्या पाडा आणि असे प्रसंग द्या:

"जाय रे, ठेल्यावरून खर्रा आण."
"आबाजी, मी नाई जात. शाळेत सांगतलं हाय, पोट्ट्याईले विकत नाईत. दुसरं काई काम सांगा, करतो."

"घे ना बे, एवढूसा. भेतं का?"
"मले नाई पाहिजे. चाल, कबड्डी खेळू."

पहिल्या प्रसंगात पोराने आबाजींचा मान ठेवला, कारण सांगितलं आणि दुसरं काम मागून घेतलं. दुसऱ्यात त्याने "भेतं का" या टोमण्याला उत्तरच दिलं नाही. हे मुलांकडून काढून घ्या. मग भूमिका बदला. नाही म्हणणाऱ्याने आता आग्रह करायचा. प्रत्येक जोडीने चार-पाच वेळा केलं की शब्द जिभेवर येतात.

दुसरा प्रसंग चिडवण्याचा घ्या. कुणाला जातीवरून, तांड्यावरून, बापाच्या दारूवरून चिडवलं जातंय आणि आपण बाजूला उभे आहोत. मुलांना वाटतं, यात एक तर मारामारी करायची, नाही तर गप्प बसायचं. त्यांना मधले रस्ते द्या: चिडवल्या जाणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं, "राहू दे न बे" म्हणून विषय बदलायचा, नंतर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालायचं, मोठ्यांना सांगायचं. सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं असतं. कुणाला अडचणीत आणायला सांगितलं तर चहाडी, कुणाला अडचणीतून काढायला सांगितलं तर मदत.

जिवावरच्या प्रसंगांसाठी वेगळा तास ठेवा. आपल्याकडे विहिरी आहेत, नद्या आहेत, खदानी आहेत आणि आता शेततळी आहेत. शेततळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहणारालाही काठ धरून वर येता येत नाही. एक बुडतो, दुसरा वाचवायला उडी मारतो, दोघं जातात. मुलांना सांगा: उडी मारायची नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, आणि दोरी, ओढणी, बांबू किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. ओढताना काठावर पालथं झोपायचं. आता ती तेलाची कॅन काढा, दोरीला बांधा, मैदानावर रेघ आखून प्रत्येकाला फेकायला लावा. नेम लागेपर्यंत. विहिरीजवळ हा सराव कधीच घेऊ नका.

सापाचंही तसंच. पकडायचा नाही, मारायला जायचं नाही, लांब व्हायचं. चावला तर मांत्रिकाकडे नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. न हलवता १०८ वरून दवाखान्यात. हा तास वगळलात तर धैर्याचे बाकीचे तास धोक्याचे ठरू शकतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराला "धीट हो" एवढंच ऐकू आलं तर ते विहिरीवर जाऊन धीट होईल.

७. मूल काही सांगायला आलं तर

वर्ग मोकळा झाला की कुणीतरी येईलच. मधल्या सुट्टीत, वह्या तपासताना, तुमच्या गाडीजवळ. तयारी आधीच हवी.

ऐका. प्रश्न कमीत कमी विचारा, आणि "तू तिथे का गेलीस" हा तर कधीच नाही. "कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन" असं सांगा. तिने सांगितलं हे चांगलं केलं, तिचा दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत बोला. मग तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत उतरवा.

लैंगिक अत्याचाराचा संशय जरी असला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक आणि सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली समिती) सांगा, पण "आधी आपण चौकशी करू" म्हणून कुणी थांबवलं तर थांबू नका. गावात मिटवामिटवी सुरू होईल, चार प्रतिष्ठित माणसं शाळेत येतील. त्यांच्याशी चर्चा करू नका, संशयिताला समोरासमोर बोलावू नका, मुलीचं नाव कुठेही, शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही, टाकू नका.

बालविवाहाची कुणकुण साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर लागते. आठवीतली मुलगी अचानक गप्प होते, मैत्रिणी कुजबुजतात. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण हवं. २००६ च्या कायद्याखाली गावात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना आणि १०९८ ला कळवा. पत्रिका छापायच्या आधी कळवलं तर समजावून लग्न थांबण्याची शक्यता जास्त असते.

घरात कर्जाचा, निराशेचा ताण असलेल्या मुलाला वेगळं बसवून उपदेश करू नका. त्याला रोज एक मोठा माणूस "जेवला का रे?" विचारणारा हवा असतो. आशाताईंना घरी जायला सांगा आणि टेलिमानसचा क्रमांक त्याच्या आईच्या हाती द्या.

८. पालक येतील

दिवाळीच्या आसपास एखादी आई किंवा आजोबा येतील: "मॅडम, पोट्टी आता उलटून बोलाले लागली. हेच शिकवता का शाळेत?"

हा राग साधा समजू नका. शाळेत बोलून मुलीचं काही बिघडत नाही, पण घरी बोलून मार बसू शकतो. म्हणून पहिल्याच पालकसभेत सांगून ठेवा की या वर्षी मुलं प्रश्न विचारायला शिकणार आहेत आणि घरीही विचारतील. समितीच्या बैठकीतला तो उल्लेख इथे कामी येतो. पालकांना पटतील अशी कामाची उदाहरणं द्या: मापात मारणाऱ्या काटेवाल्याला प्रश्न करणारं पोर, बँकेत आईचा फॉर्म भरून देणारी मुलगी, दवाखान्यात औषध कसं घ्यायचं ते विचारून येणारा मुलगा. कापूस विकताना फसलेल्या माणसाला याचं मोल लगेच कळतं.

मुलांनाही शिकवा की कुठे, केव्हा आणि कोणत्या सुरात बोलायचं हे ठरवणं धैर्यातच येतं. बाप पिऊन आला असताना तोंड देण्यात शहाणपण नाही; त्या वेळी भावंडांना घेऊन शेजारच्या काकूंकडे जाणं बरोबर आहे. प्रत्येक मुलाने अशी तीन मोठी माणसं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, ज्यांच्याकडे रात्रीही जाता येईल. एखाद्याला तीन नावं सुचली नाहीत, तर त्या मुलाकडे तुम्ही जास्त लक्ष द्यायचं आहे.

९. नोंद ठेवा, बक्षीस देऊ नका

'आठवड्याचा धाडसी विद्यार्थी' असा फलक लावू नका. ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे तेच त्यावर येतात, आणि शेजारणीला अर्धी ओळ वाचून दाखवणारी मुलगी कुणाला दिसत नाही. गुणही नकोत. तुमच्या वहीत महिन्यातून एकदा प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: "फळ्याजवळ आली, वाचलं नाही." "पहिल्यांदा 'समजलं नाही' म्हणाला." हे दुसरं वाक्य माझ्या दृष्टीने फार मोठं आहे. मुलालाही तेवढंच सांगा, एकट्याला, काय पाहिलं ते. "शाब्बास, वाघ आहेस" यापेक्षा "आज तू दोनदा अडलास तरी शेवटपर्यंत वाचलंस" हे त्याला जास्त दिवस पुरतं.

१०. मार्चमध्ये एक फेरी

गावात शाळा आठवीपर्यंतच असेल तर चिठ्ठ्यांमधली सगळ्यात मोठी भीती तालुक्याच्या शाळेची असते, आणि मुली गळतात त्या इथेच. परीक्षेच्या आधी एक दिवस ठरवा. एसटीने मुलांना घेऊन त्या शाळेत जा, दोन-तीन पालक सोबत घ्या, शक्यतो आया. नववीचा वर्ग, मुलींचं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी प्रत्यक्ष दाखवा. आपल्या गावची जुनी विद्यार्थिनी तिथे असेल तर तिच्याशी गाठ घालून द्या. तिकीट मुलांनी स्वतः मागायचं, शिपाईकाकांना कार्यालय कुठे ते स्वतः विचारायचं. तुम्ही चार पावलं मागे राहायचं.

जाण्याआधी मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि मुलांची यादी जवळ ठेवा. परत येताना आगारात मुलींच्या मोफत पासाची चौकशी करा, आणि तुमच्या तालुक्यात मानव विकासची, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी योजनेची, निळी बस कोणत्या गावांवरून, किती वाजता जाते ते लिहून आणा. बस गावापर्यंत येत नसेल तर समितीचा ठराव घेऊन आगारप्रमुखांना अर्ज करा. अर्जाचा मसुदा आठवीच्या मुलांकडूनच लिहून घ्या, खाली त्यांच्या सह्या घ्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय आगारातून निघू नका.